डब्यातले दगड

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा इतिहासाची शिक्षिका या नात्याने मी शाळेच्या वाटचालीवर लिहावे, हीच त्यांची अपेक्षा असणार. परंतु ती वाटचाल याच अंकात माझ्याहून अधिकारी माणसांनी लिहिली आहे. म्हणून मी एका पत्र्याच्या डब्याविषयी लिहिते. त्या डब्यात दगड होते, आणि ते मी फेकून दिले होते. आपल्या काही माजी विद्यार्थिनींना तो प्रसंग आठवत असेल. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी तो मीच सांगावा, हे बरे.

ही गोष्ट २००१च्या पावसाळ्यातली. मी तेव्हा शिकवण्याबरोबरच मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. दर शनिवारी मुलींच्या पेट्या तपासण्याचा शिरस्ता होता. नववीतल्या एका मुलीच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला. उचलताना तो विलक्षण जड लागला. उघडून पाहिला तर आत वीस-पंचवीस दगड. काही काळे, काही पांढुरके, एक-दोन गुळगुळीत, बाकीचे ओबडधोबड. मुलीची आई गावाजवळच्या गिट्टी खदानीवर काम करीत असे, हे मला ठाऊक होते. सुट्टीत मुलगीही आईबरोबर तिथे जात असणार. मी विचारले, “हे काय आहे?” ती हळूच म्हणाली, “मॅडम, यातल्या एका गोट्यात शंख आहे.” मी पाहिले नाही. साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, “तुझ्या आईने जन्मभर दगड फोडले, ते तू इथे येऊन पुन्हा दगडच गोळा करावेस म्हणून नाही.” आणि तो डबा मी स्वयंपाकघरामागच्या खड्ड्यात रिकामा केला. मुलगी रडली नाही. रिकामा डबा तिने पुसला आणि पुन्हा पेटीत ठेवला.

आज ते वाक्य आठवले की मान खाली जाते. तरी ते कुठून आले, हेही सांगायला हवे. माझे माहेर मराठवाड्यातले. १९७२च्या दुष्काळात माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती, आणि मी तिथेच गोधडीवर पडलेली असे. तिच्या हातांवरचे घट्टे मी समजू लागल्यापासून पाहिले. मराठवाड्यात ज्याला खडी म्हणतात त्याला इकडे विदर्भात गिट्टी म्हणतात, एवढाच काय तो फरक. आमच्या पिढीला दगड दिसला की त्यामागे ऊन, मुकादम आणि हजेरीचा कागद दिसे. मुलांनी त्या दगडापासून जितके दूर जाता येईल तितके जावे, यासाठी तर आम्ही शिक्षक झालो होतो. त्या मुलीच्या डब्यात मला तिच्या आईची पाटी दिसली. शंख दिसला नाही, कारण मी तो पाहिलाच नाही.

गेल्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात ती आली. “जयभीम, मॅडम,” म्हणाली आणि आपले नाव सांगण्यापूर्वीच मी ते उच्चारले. दहावीनंतर विज्ञान शाखा, पुढे नागपूरला भूशास्त्रात एम.एस्सी., मग स्पर्धा परीक्षा, असा तिचा प्रवास मला तुटक तुटक कळला होता. आता ती खनिज तेलाच्या शोधासाठी काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत खडकांचे विश्लेषण करते. मुख्याध्यापकांनी तिला नववीच्या वर्गावर बोलायला सांगितले. मी मागच्या बाकावर बसले. त्या दोन तासांत मी जे शिकले, आणि नंतर पुस्तके चाळून जे पडताळून पाहिले, ते पुढे मांडते.

तिने प्रथम मुलांना विचारले, “जमिनीखाली तेल कसे असते?” बहुतेकांनी सांगितले, तळ्यासारखे. माझीही समजूत तशीच होती. ती काही बोलली नाही. तिने पिशवीतून दोन दगड काढले. एक आपल्या परिसरातला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, आणि दुसरा वालुकाश्म, म्हणजे वाळूचा खडक. दोन्हींवर तिने पाण्याचा एकेक थेंब टाकला. काळ्या दगडावर थेंब तसाच राहिला. वालुकाश्मावरचा थेंब पाहता पाहता आत जिरला. “तो कुठे गेला?” तिने विचारले. एक मुलगा म्हणाला, “दगडाने पिऊन टाकला.” ती म्हणाली, “जमिनीखालचे तेल असेच, दगडाने पिलेले असते.” पेट्रोलियम या शब्दाचा मूळ अर्थच खडकातले तेल असा आहे. तेलाच्या चांगल्या साठ्यात शंभर भाग खडक घेतला तर साधारण दहा ते तीस भाग पोकळी असते. त्या केसाहून बारीक पोकळ्यांत तेल, वायू आणि खारे पाणी भरलेले असते.

पण केवळ पोकळी असून भागत नाही. पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असाव्या लागतात, नाहीतर तेल आतच अडकते. पहिल्या गुणाला सच्छिद्रता म्हणतात आणि दुसऱ्याला पार्यता. पार्यता मोजण्याचे एकक आहे डार्सी. आँरी दार्सी हा फ्रान्समधला अभियंता. दिजाँ या आपल्या गावाला शुद्ध पाणी मिळावे म्हणून तो झटत होता. वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने झिरपते, याचे प्रयोग त्याने केले आणि १८५६ साली गावच्या कारंज्यांवरील आपल्या ग्रंथात त्याचा नियम मांडला. तेलाचा विचारही त्याच्या मनात नव्हता. गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी शोधलेला तो नियम आज जगातल्या प्रत्येक तेलविहिरीच्या हिशेबात वापरला जातो. पाण्याचा प्रश्न आपल्या समाजाच्या इतिहासात किती खोल गेला आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. म्हणूनच ही हकीकत माझ्या लक्षात राहिली.

मग तिने विहीर खणण्याची रीत समजावली. जमिनीत फिरणाऱ्या पोलादी नळाच्या टोकाला खडक चिरडणारे पाते असते. नळातून एक घट्ट चिखल सतत खाली सोडतात. तो पात्याला थंड ठेवतो, विहिरीच्या भिंती सावरतो आणि चिरडलेल्या खडकाचा चुरा वर घेऊन येतो. हा चुरा वर यायला वेळ लागतो. हाती आलेला कण नेमका किती खोलीवरचा, हे चिखलाच्या वेगावरून काढावे लागते. चुरा चाळून, धुऊन, वाळवून छोट्या पिशव्यांत भरतात आणि प्रत्येक पिशवीवर खोली लिहितात. पुढे तो जंबुपार किरणांच्या दिव्याखाली धरतात. तेलाचा अंश असेल तर कण पिवळसर किंवा निळसर उजळतो. महत्त्वाच्या ठिकाणी चुऱ्यावर न थांबता पोकळ पात्याने खडकाचा अखंड दंडगोल कापून वर काढतात. त्याला गाभा म्हणतात. गाभ्याचा तुकडा चिकटवून, घासून त्याची चकती ०.०३ मिलिमीटर इतकी पातळ करतात. इतका पातळ झाला की बहुतेक दगड काचेसारखा पारदर्शक होतो. पोकळ्यांत आधीच निळा रंग मिसळलेली राळ भरलेली असते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली जिथे निळे दिसते तिथे एके काळी तेलाला, पाण्याला किंवा वायूला जागा होती, हे ओळखता येते.

तशी एक चकती तिने आणली होती. शाळेच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेका मुलाने ती पाहिली. माझी पाळी आली तेव्हा मी डोळा लावला. निळ्या डागांच्या मधोमध एक लहानशी, कप्प्याकप्प्यांची, गोल वळण घेतलेली आकृती दिसली. “हा शंख आहे का?” मी विचारले. विचारले आणि माझे मलाच कसेसे झाले. ती शांतपणे म्हणाली, “नाही मॅडम, ही फोरॅमिनीफेरा. एका पेशीचा जीव.”

या एकपेशीय जिवाची कथा इतिहासाच्या वर्गात शिकवावी अशी आहे. फोरॅमिनीफेरा समुद्रात राहतात. बहुतेकांचे कवच मिलिमीटरपेक्षाही लहान असते. काळ बदलला तसतशा त्यांच्या जाती बदलत गेल्या. उथळ पाण्यातल्या वेगळ्या, खोल पाण्यातल्या वेगळ्या. त्यामुळे खडकात कोणती जात सापडते यावरून तो खडक केव्हाचा आणि किती खोल समुद्रात साचला, हे सांगता येते. मोठे शंखशिंपले विहीर खणणाऱ्या पात्याखाली चुरडून जातात, पण हे जीव इतके लहान की बहुधा शाबूत वर येतात. आज ही गोष्ट पाठ्यपुस्तकात आहे. १९२१ साली ती तशी नव्हती. अमेरिकेतल्या टेक्सासमधील एका तेल कंपनीत काम करणाऱ्या एस्थर रिचर्ड्स या तरुणीने त्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधील अॅमहर्स्ट येथे भूशास्त्रज्ञांच्या सभेत निबंध वाचला. या सूक्ष्म कवचांच्या आधारे खडकांचे वय ठरवता येते, असे तिने मांडले. एका नामवंत प्राध्यापकाने भर सभेत तिची खिल्ली उडवली. ती परत गेली आणि काम करीत राहिली. त्याच भागात इतर तेल कंपन्यांत आल्वा एलिसर आणि हेडविग निकर या दोघी हेच काम करीत होत्या. कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक होत्या, पण या तिघींनी एकत्र येऊन टेक्सास आणि लुइझियानाच्या किनारी प्रदेशातील भूगर्भाच्या थरांची संगती लावली आणि १९२५ साली ती प्रसिद्ध केली. पुढच्या काही वर्षांत सूक्ष्मजीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्यांना नेमण्यासाठी तेल कंपन्यांची धावपळ सुरू झाली. ही हकीकत ती सांगत होती तेव्हा भर सभेतल्या त्या प्राध्यापकाच्या जागी मला मीच दिसत होते. त्याने निदान निबंध ऐकून घेतला होता.

तेल मुळात येते कुठून, याचे उत्तरही खडकाच्या विश्लेषणातूनच मिळाले. तेल हे खनिजांपासून आपोआप तयार होते की जिवांपासून, यावर दीर्घ काळ वाद होता. १९३४ साली आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला खनिज तेलात पॉर्फिरिन ही संयुगे सापडली. वनस्पतींच्या हरितद्रव्याशी त्यांचे थेट नाते आहे, हे त्याने दाखवले. म्हणजे गाडीत आपण भरतो ते इंधन कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उन्हावर जगलेल्या सूक्ष्म जिवांचा अवशेष आहे. हे जीव मरून समुद्रतळाच्या बारीक गाळात पुरले गेले, गाळावर गाळ साचला, खोली वाढली तशी उष्णता वाढली. साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमानात लाखो वर्षे राहिल्यावर त्यातून तेल सुटते. उष्णता कमी पडली तर तेल होत नाही, फार झाली तर त्याचा वायू होतो. त्यामुळे प्रयोगशाळेत खडकाची चिमूटभर भुकटी घेऊन ती हवेविना टप्प्याटप्प्याने तापवतात. या खडकातून तेल निघून गेले आहे, निघायचे आहे, की निघण्याची शक्यताच नव्हती, हे बाहेर पडणाऱ्या वाफांवरून समजते. अर्धवट शिजलेल्या भातावरून चुलीचा अंदाज बांधावा, तसे हे आहे.

भारताच्या संदर्भात या शास्त्राचे मोल फार आहे. आसामात दिगबोई येथे १८८९ पासून तेलाची विहीर होती. पण स्वातंत्र्यानंतर बाकीच्या देशात तेल असेल, यावर परदेशी कंपन्यांचा फारसा विश्वास नव्हता. केशवदेव मालवीय या मंत्र्यांनी तो निर्वाळा मान्य केला नाही. १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला आणि त्याचे मुख्य ठाणे डेहराडूनला आले. सोव्हिएत तज्ज्ञांनी देशभरच्या खोऱ्यांचा अभ्यास करून कुठे शोध घ्यावा हे सुचवले. १९५८ मध्ये खंभातजवळ आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. १९६२ साली डेहराडूनलाच संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तिला पुढे मालवीयांचेच नाव देण्यात आले. स्वतःच्या विहिरीतला खडक स्वतःच्या प्रयोगशाळेत, स्वतःच्या माणसांनी वाचायचा, ही त्यामागची दृष्टी होती. दुसऱ्याने आपल्याविषयी दिलेला निर्वाळा न तपासता स्वीकारायचा नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतरची हकीकत आपल्या महाराष्ट्राच्या दारातली आहे. १९६४-६५ च्या सुमारास ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाने अरबी समुद्रात भूकंपलहरींच्या तंत्राने पाहणी केली. समुद्रात लहरी निर्माण करायच्या, त्या तळाखालच्या थरांवर आपटून परत येतात, आणि परतायला लागलेल्या वेळेवरून थरांचा आकार काढायचा, असे हे तंत्र आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली एक मोठा उंचवटा असल्याचे त्यातून दिसले. पण उंचवटा दिसणे म्हणजे तेल मिळणे नव्हे. १९७० मध्ये खंभातच्या आखातात अलियाबेट येथे समुद्रातली पहिली विहीर खणली. तिथे हवे तसे यश आले नाही. १९७३ साली जगात तेलाचे भाव चौपटीच्या घरात गेले आणि आपल्या देशाची कोंडी झाली. अशा वेळी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या तरत्या यंत्राने मुंबई हायच्या पहिल्या विहिरीत तेल गाठले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढे समुद्रतळावरून नळ टाकून ते तेल उरणला आणले गेले.

हे सारे वाचताना मला मुंबई हाय हा नशिबाचा कौल वाटेनासा झाला. तिथले तेल प्रामुख्याने सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडकात आहे. उथळ, कोमट समुद्रातल्या जिवांची कवचे आणि चुन्याचा गाळ साचून तो खडक झाला आणि त्यातला चुना पाण्यात विरघळून पोकळ्या मोठ्या झाल्या. तेल मात्र त्याच्याही खालच्या, अधिक जुन्या गाळाच्या खडकांत शिजले आणि वर सरकून या पोकळ्यांत अडकले. आणि त्या जुन्या गाळाखाली काय आहे? बऱ्याच ठिकाणी दख्खनचा काळा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, त्यांचाच तो समुद्राखाली गेलेला भाग. जो दगड मी बालपणी आईच्या हातोड्याखाली पाहिला, ज्याची गिट्टी करून आपल्या वसतिगृहाचा पाया भरला, तोच पश्चिमेकडे अरबी समुद्राच्या तळाशी उतरतो.

तेवढ्यात एका मुलीने विचारले, “ताई, मग आपल्या काळ्या दगडात तेल का नाही?” ती म्हणाली, “तो लाव्हापासून झाला. त्यात जीव पुरले जात नाहीत आणि पोकळ्या जोडलेल्या नसतात.” मग तिने कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला एक पांढुरका दगड काढला. “पण दोन लाव्हांच्या मध्ये मोठा काळ जाई. त्या काळात इथे तळी होती. तळ्यांत गाळ साचला, त्यावर पुन्हा लाव्हा आला. आपल्या खदानीत दोन काळ्या थरांच्या मधे जो पांढरा पट्टा दिसतो, तो त्या तळ्याचा तळ आहे.” दगडावर गोड्या पाण्यातल्या गोगलगाईचे, फायसा या कुळातले, इंच-दीड इंचाचे कवच स्पष्ट दिसत होते. नागपूरजवळच्या टाकळीला असेच जीवाश्म १८५०च्या दशकात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी गोळा केले होते. त्यांतल्या हिस्लॉप यांचे नाव नागपूरच्या कॉलेजमुळे आपल्याला माहीत आहे, त्यांचे दगड मात्र माहीत नाहीत. बिरबल साहनींनीही याच थरांतल्या वनस्पतींचा अभ्यास केला.

मी तो दगड ओळखला नाही. ओळखणार कशी? तास संपल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठले आणि त्या शनिवारचा विषय काढला. क्षमा मागायची होती, शब्द नीट जुळले नाहीत. ती म्हणाली, “मॅडम, त्या रात्री मी खड्ड्यावर गेले होते. वर चुलीची राख पडली होती. चारच सापडले. त्यात हा होता.” मी विचारले, “तेव्हा माझा राग आला होता?” थोडे थांबून ती म्हणाली, “आला होता. पण तुम्ही आईविषयी बोललात ते खरे होते. म्हणून तो राग कुणाला सांगता आला नाही.” मी म्हणाले, “हा दगड शाळेला देतेस का?” तिने तो पुन्हा रुमालात गुंडाळला. “दुसरे पाठवीन, मॅडम. हा नाही.”

मग तिने आईची गोष्ट सांगितली. नोकरी लागल्यावर एकदा तिने आईला प्रयोगशाळेचे कोठार दाखवले होते. छतापर्यंत मांडण्या, मांडण्यांवर खोकी, प्रत्येक खोक्यात गाभ्याचे तुकडे आणि त्यांवर विहिरीचे नाव, खोली, दिशा दाखवणारा बाण. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “आमी गोटे बरासानं मोजले, तुमी त लंबरानं ठेवता.” गिट्टी ब्रासवर विकली जाते, शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. त्या मापात एका दगडाला काहीच ओळख नसते. पुढे तिची आई एका तुकड्यावर बोट टेकवून म्हणाली, हा इथून फुटेल. आणि त्या खडकाची भेग खरोखर त्याच रेषेत होती. हातोडा कुठे मारला की दगड कसा दुभंगतो, कोणता ठणठणीत वाजतो, कोणता भुसभुशीत, हे त्या माउलीला चाळीस वर्षांच्या कामाने शिकवले होते. “माझ्या आईने मला दगड ओळखायला शिकवले,” ती म्हणाली, “पुस्तकांनी फक्त त्यांची नावे सांगितली.”

हे ऐकून माझी चूक मला पुरती कळली. आपल्या माणसांवर लादलेले कष्ट आणि त्या कष्टांत त्यांनी मिळवलेले ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना कष्टांतून सोडवण्याच्या घाईत मी ते ज्ञानही खड्ड्यात टाकत होते. दगड आमचा शत्रू नव्हता. त्याच्याकडे पाहण्याचा, त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. तिने तो अधिकार घेतला.

तेल जाळल्याने पृथ्वी तापते आहे, मग या शास्त्राचे पुढे काय, असा प्रश्न एका पालकाने विचारला. तिने तो टाळला नाही. तेलाचा वापर उतरणीला लागेल आणि लागायला हवा, असे ती म्हणाली. परंतु खडकाची सच्छिद्रता आणि पार्यता वाचण्याचे तेच कसब आता उलट दिशेने उपयोगी पडते आहे. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइपनर येथे १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड वायू तळाखालच्या वालुकाश्मात साठवला जातो. आइसलँडमध्ये २०१२ साली तो पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला, तेव्हा दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक वायूचे घट्ट खनिज होऊन गेले. आपल्या दख्खनच्या बेसाल्टचाही याच दृष्टीने अभ्यास चालू आहे.

यंदापासून आपल्या प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात एक लाकडी मांडणी केली आहे. तिने पाठवलेले सात दगड तिथे आहेत. वाचकांना, विशेषतः माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती अशी की, शाळेत याल तेव्हा आपल्या गावचा एक दगड घेऊन या. शेतातला, नदीतला, विहिरीच्या मातीतला, खदानीतला, कोणताही चालेल. सोबत एक चिठ्ठी मात्र हवी. गाव कोणते, नेमकी जागा कोणती, किती खोलीवरचा, कधी उचलला आणि कुणी उचलला. चिठ्ठी नसलेला दगड काहीच सांगू शकत नाही, हे मला तिच्याकडून कळले. इतिहासातही आपल्या पूर्वजांचे तसेच झाले आहे.

आणि आजच्या अधीक्षिकांना एक सांगणे. शनिवारी पेट्या जरूर तपासा. डबा जड लागला, तर उघडा आणि आत काय आहे ते आधी पाहा.